बॉलस्क्रूवरच्या सर्वो अक्षाचे ट्यूनिंग

सर्वो ड्राइव्ह म्हणजे मोटरला आदेशानुसार नेमके हलवणारा नियंत्रक. त्याच्या शेकडो पॅरामीटरांपैकी गेनचे, म्हणजे चुकीला किती जोराने प्रतिसाद द्यायचा ते ठरवणारे, आकडे जेमतेम पाच-सहा असतात, तरीही नवा अक्ष (यंत्राच्या एका दिशेच्या हालचालीची यंत्रणा) चालू करताना सर्वाधिक वेळ त्यांच्यावरच जातो. बहुतेकदा याचे कारण असे असते की हे आकडे चुकीच्या क्रमाने हाताळले जातात आणि यंत्र जास्तीत जास्त किती देऊ शकेल याचा अंदाज कोणी आधी बांधलेला नसतो. हा अंदाज कागदावर अर्ध्या तासात बांधता येतो, आणि तो हाती असला की ट्यूनिंग म्हणजे केवळ आकडे वाढवून मोटर ओरडते का ते पाहणे राहत नाही.

पुढील विवेचनासाठी एकच अक्ष घेतला आहे. भोसरी, चाकण किंवा नाशिकच्या सातपूर-अंबड भागात एसपीएम (ठराविक कामासाठीची खास यंत्रे) बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्यात आढळेल असा तो आहे: एलएम गाइडवर (सरळ रेषेतल्या रुळांवर) सरकणारे १२० किलोचे टेबल, २५ मिमी व्यासाचा आणि १ मीटर लांबीचा बॉलस्क्रू (फिरून टेबल सरकवणारा स्क्रू), १० मिमी पिच (एका फेरीत टेबल सरकते ते अंतर), आणि कपलिंगने थेट जोडलेली ७५० वॅटची सर्वो मोटर. तिचा रेटेड टॉर्क २.४ न्यूटन-मीटर, कमाल टॉर्क साधारण ७ न्यूटन-मीटर, आणि रोटरचे जडत्व आघूर्ण १.२ × १०⁻⁴ किग्रॅ-मी² धरू. मोटरची स्थिती मोजणारा एन्कोडर १७ बिटचा आहे.

गेनला हात लावण्यापूर्वी

या अक्षाकडून नेमके काय हवे आहे ते प्रथम लिहून काढावे. टेबल एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर नेऊन थांबवायचे असेल, तर थांबल्यानंतर ते किती वेळात किती मायक्रॉनच्या आत स्थिरावते एवढेच महत्त्वाचे असते. वाटेत ते आदेशाच्या दोन मिलिमीटर मागे राहिले तरी काही बिघडत नाही. याउलट दोन अक्षांनी मिळून वर्तुळ कापायचे असेल, तर वाटेतली प्रत्येक चूक कामाच्या तुकड्यावर उमटते. या दोन कामांसाठी योग्य असलेले ट्यूनिंग एकसारखे नसते, आणि ‘अक्ष एकदम टाइट करून द्या’ या मागणीतून त्यातले काहीच कळत नाही.

त्यानंतर यंत्राचा यांत्रिक भाग तपासावा. ड्राइव्ह बंद ठेवून टेबल हाताने पूर्ण अंतर सरकवावे आणि कोठे जड लागते ते पाहावे. मोटरचा शाफ्ट धरून ठेवून टेबलाला डायल इंडिकेटर लावावा, टेबल दोन्ही दिशांना ढकलावे आणि काटा परत त्याच जागी येतो की नाही हे तपासावे. कपलिंगचे स्क्रू, बेअरिंगचा लॉकनट आणि मोटर जिच्यावर बसवली आहे ती ब्रॅकेट या तीन जागी ढिलाई असेल, तर ती कोणत्याही गेनने भरून निघत नाही. उलट गेन जितका वाढवावा तितकी ती अधिक मोठ्याने ऐकू येते.

सुरक्षेचे काम टाळता येण्याजोगे नाही. लिमिट स्विच आणि इमर्जन्सी स्टॉप प्रत्यक्ष दाबून पाहावेत, टॉर्कची मर्यादा सुरुवातीला रेटेड टॉर्कच्या तीसेक टक्क्यांवर आणावी आणि फॉलोइंग एररची (अक्ष आदेशाच्या किती मागे आहे त्याची) मर्यादा चालू ठेवावी. उभ्या अक्षावर ब्रेक वेळेवर सुटतो व लागतो याची खात्री होईपर्यंत टेबलाखाली आधार ठेवावा. पायऱ्यांची (आदेश एकदम बदलून पाहण्याची) चाचणी घेण्याची वेळ आली की टॉर्कची मर्यादा मूळ जागी न्यावी, अन्यथा आलेखात गेनऐवजी ती मर्यादाच दिसत राहील.

आता जडत्वाचा हिशेब करू. सरळ रेषेत सरकणाऱ्या वस्तुमानाचे मोटरला जाणवणारे जडत्व काढण्यासाठी पिचला २π ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा आणि त्याला वस्तुमानाने गुणावे. १० मिमी पिच आणि १२० किलो यांसाठी ते सुमारे ३ × १०⁻⁴ येते. स्क्रूचे वजन पावणेचार किलोच्या आसपास आहे आणि त्याचे स्वतःचे जडत्वही जवळजवळ ३ × १०⁻⁴ च भरते. म्हणजे १२० किलोचे टेबल आणि चार किलोचा स्क्रू मोटरच्या दृष्टीने सारखेच जड आहेत. टेबल हलके करण्यासाठी ॲल्युमिनियम वापरणाऱ्याने ही बाब आधी पाहावी. भाराचे एकूण जडत्व ६ × १०⁻⁴, म्हणजे रोटरच्या पाचपट झाले, आणि मोटरसह एकूण ७.२ × १०⁻⁴. हे पाचाचे गुणोत्तर पुढे दोनदा लागणार आहे.

तीन लूप आणि त्यांचा क्रम

सर्वो ड्राइव्हमध्ये तीन लूप, म्हणजे आदेश व प्रत्यक्ष यांतील फरक पाहून दुरुस्ती करणाऱ्या साखळ्या, एकात एक बसवलेले असतात. सर्वांत आत करंटचा म्हणजे टॉर्कचा लूप, त्याबाहेर वेगाचा आणि सर्वांत बाहेर पोझिशनचा. बाहेरचा लूप आतल्या लूपला आदेश देतो आणि तो तत्काळ पाळला जाईल असे गृहीत धरतो. हे गृहीतक खरे ठरण्यासाठी आतला लूप बाहेरच्यापेक्षा किमान चौपट वेगवान असावा लागतो. त्यामुळे ट्यूनिंग नेहमी आतून बाहेर करावे. पोझिशनचा गेन वाढवल्यावर अक्ष थरथरू लागला, तर पुष्कळदा दोष पोझिशनच्या गेनमध्ये नसून आतला वेगाचा लूप मंद असल्यामुळे तसे होते.

करंट लूपबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मोटर आणि ड्राइव्ह एकाच उत्पादकाचे असतील तर तो कारखान्यातूनच जुळवलेला येतो आणि त्याला हात लावू नये. दुसऱ्या उत्पादकाची मोटर जोडली असेल, तर एका फेजचा रोध आणि इंडक्टन्स अचूक भरावे लागतात. दोन तारांमध्ये मोजलेली किंमत स्टार जोडणीत एका फेजच्या दुप्पट असते, आणि मोटरच्या माहितीपत्रकातला आकडा यांपैकी कोणता आहे हे वाचल्याशिवाय तो भरू नये.

वेगाचा लूप

खरे काम येथे आहे. पोझिशन लूप बंद करून ड्राइव्ह वेगाच्या मोडमध्ये घ्यावा, इंटिग्रल (साठत जाणाऱ्या चुकीवर आधारलेली दुरुस्ती) शून्य करावा किंवा इंटिग्रलची वेळ कमाल ठेवावी, आणि वेगाचा छोटा चौकोनी आदेश देऊन आदेश, प्रत्यक्ष वेग आणि टॉर्क हे तिन्ही एकाच आलेखावर पाहावेत. आलेखाशिवाय केलेले ट्यूनिंग कानावर विसंबून केलेले असते. कान उपयोगी आहे, पण केवळ इशारा देण्यापुरता.

आदेशाची पायरी किती मोठी घ्यावी हे हिशेबाने ठरते. या अक्षासाठी ६० हर्ट्झ बँडविड्थचे (लूप जिथपर्यंत आदेश पाळू शकतो त्या वारंवारतेचे) लक्ष्य ठेवले, म्हणजे सेकंदाला सुमारे ३७७ रेडियन, तर १०० आरपीएमच्या पायरीला सुरुवातीच्या क्षणी लागणारा टॉर्क म्हणजे एकूण जडत्व, बँडविड्थ आणि वेगातील फरक यांचा गुणाकार: सुमारे २.८ न्यूटन-मीटर. तो कमाल मर्यादेच्या आत आहे. हीच पायरी ३०० आरपीएमची घेतली तर साडेआठ न्यूटन-मीटर हवेत, जे ही मोटर देऊच शकत नाही. टॉर्कची रेषा माथ्यावर सपाट झालेली दिसली, की त्या आलेखावरून गेनविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

गेन टप्प्याटप्प्याने, दरवेळी वीस-तीस टक्क्यांनी वाढवावा. वेग आदेशापर्यंत लवकर पोहोचू लागेल. एका टप्प्यावर टॉर्कच्या रेषेत दाट दाते दिसतील, मोटरमधून घरघर किंवा शिट्टी ऐकू येईल, किंवा वेग आदेशाच्या वर जाऊन हेलकावेल. तेथून गेन साधारण निम्मा करावा आणि मग इंटिग्रल आणावा. इंटिग्रलची वेळ बँडविड्थच्या रेडियनमधील आकड्याने ४ ला भागून येते. ३७७ साठी ती साडेदहा मिलिसेकंद आहे. इंटिग्रल आल्यानंतर वेगाच्या पायरीत दहा-वीस टक्के ओव्हरशूट (आदेश ओलांडून पुढे जाणे) दिसणे हा दोष नव्हे, ते या रचनेचे स्वाभाविक वागणे आहे. तो शून्य करण्यासाठी इंटिग्रल दुबळा करणारे लोक कापण्याच्या बलापुढे नमणारा अक्ष तयार करतात.

दातेरी टॉर्कचे एक कारण एन्कोडरमध्ये असते. ड्राइव्ह वेग मोजत नाही. दोन वाचनांतील पोझिशनचा फरक वेळेने भागून तो काढतो. १७ बिटचा एन्कोडर फेरीला १,३१,०७२ मोज देतो, आणि १२५ मायक्रोसेकंदांनी वाचन घेतले तर एका मोजाचा फरक म्हणजे ३.७ आरपीएमची उडी. २५०० रेषांच्या जुन्या इन्क्रिमेंटल एन्कोडरवर, चौपट मोज धरूनही, हीच उडी ४८ आरपीएमची होते. गेन या उड्यांनाही गुणतो आणि मोटर उगाच तापते. लो-पास (जास्त वारंवारता अडवणारा) फिल्टर लावला की आवाज बंद होतो, परंतु त्याची किंमत फेजमध्ये, म्हणजे लूपच्या प्रतिसादातील उशिरात, मोजावी लागते.

ती किंमत नीट मांडून पाहणे हाच या कामाचा गाभा आहे. केवळ जडत्व असलेल्या अक्षाचा वेगाचा लूप बँडविड्थच्या वारंवारतेवर ९० अंशांची फेज मार्जिन (अस्थिर होण्यापूर्वीची मोकळीक) घेऊन सुरू होतो, आणि नंतर लावलेली प्रत्येक गोष्ट त्यातून काही अंश उचलते. आपल्या ६० हर्ट्झवर इंटिग्रल १४ अंश घेतो. वाचन, गणना आणि करंट लूप यांचा मिळून ५०० मायक्रोसेकंद विलंब धरला तर तो ११ अंश घेतो. ५०० हर्ट्झचा लो-पास ७ अंश घेतो. उरले ५८. लूप नीट वागण्यासाठी ४५ ते ५० अंश राखावे लागतात, म्हणजे खर्चायला सुमारे दहा अंश शिल्लक आहेत. लक्ष्य १२० हर्ट्झवर नेले तर विलंब आणि लो-पास यांचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो, आणि अनुनादाचा (यंत्राच्या स्वतःच्या वारंवारतेवरील कंपनाचा) प्रश्न येण्याआधीच शिल्लक संपते.

अनुनाद आणि नॉच फिल्टर

मोटर आणि भार यांमध्ये कपलिंग आहे, आणि कपलिंग कितीही कडक असले तरी ते एक स्प्रिंग आहे. कमी वारंवारतेवर मोटर व भार एकत्र हलतात आणि ड्राइव्हला दोघांचे मिळून जडत्व जाणवते. अनुनादाच्या पलीकडे भार जागीच राहतो व मोटर एकटी हलते. तेथे ड्राइव्हला केवळ रोटरचे जडत्व जाणवते. भाराचे गुणोत्तर पाच असेल तर जडत्व अचानक सहापट कमी होते, म्हणजेच लूपचा गेन सहापट वाढतो. या अक्षाचा अनुनाद ४०० हर्ट्झवर आहे असे समजा. ६० हर्ट्झवर १ असलेला लूपचा गेन ४०० हर्ट्झपर्यंत ०.१५ वर उतरलेला असायला हवा. सहापटीमुळे तो ०.९ होतो, आणि त्यावर अनुनादाचे शिखर असतेच. शिट्टी येते ती येथून. भाराचे जडत्व रोटरच्या जवळपास ठेवावे असे मोटर निवडताना सांगितले जाते त्यामागचे कारणही हेच आहे.

शिट्टीची वारंवारता ड्राइव्हच्या एफएफटी (वारंवारता दाखवणाऱ्या) आलेखात मिळते. तशी सोय नसेल तर मोबाइलवरील ध्वनीचा स्पेक्ट्रम दाखवणारे ॲपही पहिल्या अंदाजासाठी पुरते. गेन थोडा कमी-जास्त करून पाहावा. वारंवारता जागची हलत नसेल तर तो बहुधा यांत्रिक अनुनाद आहे आणि नॉच फिल्टर (एका ठराविक वारंवारतेला दाबणारा) उपयोगी पडेल. गेनबरोबर वारंवारता सरकत असेल तर लूपची फेज संपली आहे. तेथे नॉच लावल्यास स्थिती आणखी बिघडते.

४०० हर्ट्झवर लावलेला बऱ्यापैकी रुंद नॉच ६० हर्ट्झवर सुमारे ९ अंश घेतो. ते आपल्या शिलकीत बसते: ४९ अंश उरतात. परंतु अनुनाद १५० हर्ट्झवर असता, तर तसाच नॉच २५ अंश घेऊन गेला असता आणि मार्जिन ३३ वर आली असती. अशा वेळी दोनच मार्ग प्रामाणिक आहेत, बँडविड्थ कमी करणे किंवा कपलिंग, ब्रॅकेट आणि बेअरिंगचा आधार अधिक कडक करणे. एकावर एक तीन-चार नॉच चढवून गेलेला अक्ष मी जेव्हा पाहतो, तेव्हा पॅरामीटर वाचण्याआधी ब्रॅकेटचे बोल्ट तपासतो.

बॉलस्क्रूची आणखी एक खोड आहे. स्क्रूचा अक्षीय कडकपणा स्थिर बेअरिंगपासून नटच्या अंतरावर अवलंबून असतो. स्क्रूचे एक टोक स्थिर आणि दुसरे केवळ आधारलेले असेल, तर नट २०० मिमीवरून ८०० मिमीवर गेल्यावर दांड्याचा कडकपणा एकचतुर्थांश होतो आणि त्याच्यापुरती वारंवारता निम्म्यावर येते. नट व बेअरिंग यांच्या लवचिकतेमुळे प्रत्यक्ष बदल यापेक्षा कमी असतो, पण तो नॉचच्या रुंदीबाहेर जाण्याइतका असू शकतो. म्हणून प्रत्येक चाचणी टेबल मोटरजवळ, मध्यावर आणि दूरच्या टोकाला अशा तिन्ही ठिकाणी घ्यावी.

पोझिशन लूप आणि फीडफॉरवर्ड

वेगाचा लूप बसला की पोझिशनचे काम सोपे आहे. येथे केवळ प्रपोर्शनल (चुकीच्या प्रमाणातला) गेन ठेवावा. इंटिग्रल आत आहेच. ओव्हरशूट नको असेल तर हा गेन वेगाच्या बँडविड्थच्या एकचतुर्थांशापर्यंतच नेता येतो: ३७७ चा चौथा भाग ९४ प्रतिसेकंद. ही आदर्श अक्षाची मर्यादा आहे, म्हणून ५० पासून सुरुवात करून ७० च्या आसपास थांबावे. एककांकडे लक्ष द्यावे. काही ड्राइव्हमध्ये हा आकडा प्रतिसेकंद असतो, काहींत हर्ट्झ, तर सीएनसीच्या परंपरेत मीटर प्रतिमिनिट प्रतिमिलिमीटर. ५० प्रतिसेकंद म्हणजे ८ हर्ट्झ आणि म्हणजेच ३ मीटर प्रतिमिनिट प्रतिमिलिमीटर.

या गेनवर एकसमान वेगाने जाणारा अक्ष वेग भागिले गेन एवढा मागे राहतो. मिनिटाला ६ मीटर म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर. ५० ने भागल्यास फॉलोइंग एरर २ मिमी. हा दोन मिलिमीटरचा आकडा पाहून पुष्कळ जण गेन वाढवू लागतात आणि अक्ष अस्थिर करून बसतात. त्यावरचा योग्य उपाय फीडफॉरवर्ड आहे. आदेशाचा वेग माहीतच असतो, तो थेट वेगाच्या लूपला दिला की चुकीतून तो निर्माण होण्याची वाट पाहावी लागत नाही. आणि हा मार्ग लूपच्या बाहेरून येत असल्यामुळे त्याने स्थिरता बिघडत नाही. वेगाचा फीडफॉरवर्ड एकसमान वेगातील चूक शून्याजवळ येईपर्यंत वाढवावा, मग त्वरणाच्या काळात उरलेली चूक पाहून टॉर्कचा फीडफॉरवर्ड द्यावा, ज्याचा आकडा आपण काढलेल्या जडत्वातून मिळतो. थांबताना ओव्हरशूट दिसू लागल्यास वेगाचा फीडफॉरवर्ड पाच-दहा टक्क्यांनी उतरवावा आणि आदेशाचे त्वरण एस-आकाराच्या वक्राने द्यावे. झटक्याने दिलेला आदेश अनुनादाला चेतवतोच. मग लूप कितीही चांगला असो.

दोन अक्षांनी मिळून वर्तुळ कापायचे असेल तर दोन्हींचे पोझिशन गेन सारखे ठेवावे लागतात. ते वेगळे असतील तर वर्तुळाचा ४५ अंशांत कललेला लंबवर्तुळ होतो. यासाठी अधिक सक्षम अक्षाला मुद्दाम दुर्बळ अक्षाच्या पातळीवर आणावे लागते, आणि ते करताना वाईट वाटून घेऊ नये.

थांबल्यावर चालणारी चुळबुळ

अक्ष जागेवर थांबल्यानंतर दर सेकंद-दोन सेकंदांनी एखाद-दोन मायक्रॉन पुढे-मागे होत राहिला, तर ते हंटिंग आहे. स्थितिक घर्षण गतिज घर्षणापेक्षा जास्त असते. इंटिग्रल हळूहळू टॉर्क साठवतो, टेबल एकदम सुटते, लक्ष्य ओलांडते, आणि हाच खेळ उलट दिशेने सुरू होतो. येथे इंटिग्रल वाढवण्याचा मोह टाळावा. तो थोडा सैल करावा, किंवा ड्राइव्हमध्ये सोय असल्यास थांबलेल्या अवस्थेत गोठवावा, आणि ग्रीस व गाइडचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) तपासावा. टेबलावर लिनिअर स्केल लावून पोझिशन तेथून घेतली असेल आणि स्क्रूमध्ये बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) असेल, तर अशी चुळबुळ जवळजवळ ठरलेलीच असते. तेथे नट बदलणे हाच उपाय आहे.

झीग्लर-निकल्स आणि ऑटो ट्यूनिंग

अभ्यासक्रमात शिकवली जाणारी झीग्लर आणि निकल्स यांची १९४२ सालची पद्धत येथे वापरू नये. ती तापमान, दाब, प्रवाह अशा प्रक्रियांसाठी बांधलेली आहे आणि प्रत्येक हेलकावा आधीच्या एकचतुर्थांशावर यावा हे तिचे उद्दिष्ट आहे. टेबलाने लक्ष्य ओलांडून हेलकावे घेत थांबावे असे कोणत्याही यंत्रात अपेक्षित नसते, शिवाय स्थिरतेच्या काठावर सतत आंदोलन करवणे ही पायरीच बॉलस्क्रूला घातक आहे.

ड्राइव्हमधील ऑटो ट्यूनिंगविषयी मात्र अनेक जुन्या तंत्रज्ञांना वाटते तितका अविश्वास बाळगण्याचे कारण नाही. जडत्वाचे गुणोत्तर आणि अनुनादाची वारंवारता ते बहुधा चांगली ओळखते. त्याने काढलेले गुणोत्तर आपल्या कागदावरच्या पाचाशी ताडून पाहावे. ते नऊ आले असेल, तर कुठेतरी घर्षण जास्त आहे, टेबल अडकते आहे किंवा आपल्या हिशेबात पिचचा आकडा चुकीचा धरला आहे. गेन किती कडक ठेवायचा हा निर्णय मात्र त्याच्यावर सोपवू नये, कारण उद्या टेबलावर दुसरे फिक्स्चर चढणार आहे हे त्याला ठाऊक नसते.

पडताळणी

शेवटची चाचणी प्रत्यक्ष कामाच्या आदेशावर घ्यावी: रिकामे टेबल आणि सर्वांत जड फिक्स्चर अशा दोन्ही स्थितींत, सकाळी यंत्र थंड असताना आणि दोन-तीन तास चालल्यावर. स्थिरावण्याचा वेळ, फॉलोइंग एररचे शिखर, टॉर्कचे शिखर आणि पूर्ण सायकलचा आरएमएस (मोटर तापण्याच्या दृष्टीने सरासरी) टॉर्क नोंदवावा. आरएमएस टॉर्क रेटेड टॉर्कच्या खाली नसेल तर ट्यूनिंग कितीही देखणे असले तरी मोटर उन्हाळ्यात ओव्हरलोडचा अलार्म देईल. सर्व चाचण्या पार पडल्यावर गेन आणखी वीस टक्के वाढवून अक्ष स्थिर राहतो का ते पाहावे आणि मग मूळ आकड्यावर परतावे. एवढी मोकळीक नसेल तर कपलिंग जुने झाल्यावर शिट्टी परत येईल. पॅरामीटरची फाइल, त्या वेळचे आलेख, टेबलावरील भार आणि तारीख एकत्र जतन करून त्याची छापील प्रत पॅनेलच्या दारातील खिशात ठेवावी, म्हणजे पुढे कोणी मोटर किंवा कपलिंग बदलले तर नवे आलेख तिच्याशी ताडून पाहता येतील.